गड कोणाचा?

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणात एका किल्ल्यावरून तंटा झाला. किल्ला मातीचा होता, हे आधीच सांगितलेले बरे. वसुबारसेच्या आधीपासून पोरे त्याच्यामागे लागली होती. ओढ्याकाठची चिकणमाती आणली, शेतातले धोंडे रचले, जुने गोणपाट चिखलात बुडवून डोंगराच्या अंगावर पांघरले आणि वर अळीव नि मोहरी पेरली. चार दिवसांत डोंगर हिरवा झाला. माचीवर मातीचे मावळे उभे राहिले, पायथ्याशी बाजार भरला, सिंहासनावर महाराज बसले. मग पोरांना प्रश्न पडला : हा किल्ला कोणाचा?

प्रश्न पडण्याला कारण होते. शिवऱ्यातले आमचे घर पूर्वी एकच होते. तीन वर्षांपूर्वी माझे आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचे, म्हणजे आमच्या दादांचे, सामाईक विहिरीच्या पाण्यावरून बिनसले. रब्बीला पहिली पाळी कोणाची, एवढाच काय तो वाद. पण शब्दाला शब्द लागत गेला, अंगणाच्या मधोमध कमरेइतका गडगा उभा राहिला, आणि बोलणे-चालणे बंद झाले. पोरांना मात्र तो गडगा म्हणजे आयता डोंगर वाटला. माझ्या मुलाने अलीकडून आणि दादांच्या नातवाने पलीकडून त्याला माती लावली. किल्ला दोन्ही अंगणांत पाय पसरून बसला. पाडव्याच्या सकाळी वरच्या बुरुजावर झेंडा कोणी लावायचा यावरून दोघांची जुंपली, आणि दोन्ही घरांतली मोठी माणसे आपापल्या ओट्यावर उभी राहून दुसरीकडे पाहू लागली.

तेवढ्यात दादांचा धाकटा मुलगा बाहेर आला. हा आमचा पुतण्या चाकणला मोटारींच्या कारखान्यात कामाला आहे. कारखान्याने त्याला काही महिने इटलीत तुरीन शहरी शिकायला पाठविले होते, तिथून तो नुकताच परतला होता. गडग्यावरून पलीकडे ढांग टाकून तो माझ्याकडे आला नि म्हणाला, "काका, तिकडे एका शनिवार-रविवारी आम्ही मित्रांनी भाड्याची मोटार घेतली आणि किल्ले पाहत हिंडलो. खूप पाहिले. पण तिथल्या एका माणसाने मला विचारलं, तुमच्याकडचे किल्ले कसे असतात? मला धड सांगता आलं नाही. राजगड आमच्या घरापासून दोन तासांवर, आणि मी वेरेसचा किल्ला पाहून आलो! येत्या शनिवारी मोटार काढतो. तुम्ही चला. इतिहास तुम्ही सांगायचा."

मी हो म्हटले. शनिवारी पहाटे मोटारीजवळ गेलो तो पुढच्या जागेवर दादा बसलेले! पोराने दोघांनाही एकमेकांचे नाव न सांगता कबूल केले होते. आता माघार घ्यावी तर पोराचा हिरमोड. मी मुकाट्याने मागे बसलो.

वाचकहो, मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो. शिवाजी महाराजांनी तोरणा घेऊन स्वराज्याचे तोरण बांधले, हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभा राहून म्हणत आलो आहे. पण राजगड मी पाहिला तो एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि त्या दिवशी मी गड पाहिलाच नाही. मी फक्त मुले मोजली. सगळी डोकी खाली सुखरूप उतरली, एवढेच मला त्या गडाचे स्मरण.

शिवऱ्याहून सातारा रस्त्याने निघालो. कापूरहोळला उजवीकडे वळून भोर गाठले, आणि तिथून दक्षिणेला रोहिड्याच्या पायथ्याच्या बाजारवाडीत पोहोचेपर्यंत कोवळे ऊन पडले होते. भाताची खाचरे पिवळी पडू लागली होती. वाटेत पुतण्या आपल्या इटलीच्या फेरीचे वर्णन करीत होता, आणि आम्ही दोघे त्याच्याशी बोलत होतो. एकमेकांशी नव्हे.

त्याने पाहिलेला मुलूख म्हणजे आल्प्स पर्वतातली आओस्ताची दरी. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधून नदी, आणि दरीच्या तोंडापासून आतपर्यंत लहानमोठे किल्ले. त्यांतले बरेच शालां नावाच्या एकाच सरदार घराण्याचे. वेरेसचा किल्ला या घराण्यातल्या इब्लेत नावाच्या पुरुषाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. खडकावर ठेवलेला दगडी चौकोनी ठोकळाच तो. जवळच फेनिसचा किल्ला. दुहेरी तटबंदी, अनेक मनोरे, आणि आतल्या चौकात अर्धवर्तुळाकार जिना. जिन्यावरच्या भिंतीवर घोड्यावर बसून अजगराला मारणाऱ्या संत जॉर्जचे चित्र. पुतण्याने फोनवर ते सगळे दाखविले. खोल्यांना छपरे आहेत, शेगड्या आहेत. सतराशे सोळा साली तो किल्ला शालां घराण्याच्या हातून गेला, पुढे त्याचा गोठा नि गवताची कोठी झाली. १८९५ साली आल्फ्रेदो द'आंद्रादे नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने तो विकत घेऊन डागडुजी केली, म्हणून तो आज पाहायला मिळतो.

"तिथं प्रत्येक किल्ल्याला घराणं आहे, काका," पुतण्या म्हणाला. "दारावर त्यांचं चिन्ह, भिंतीवर त्यांची चित्रं. कोणाचा किल्ला हे विचारावं लागत नाही. आपल्याकडे तसं काही दिसेल का?"

या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. पण रोहिडा चढता चढता ते हळूहळू जुळत गेले.

रोहिडा, म्हणजेच विचित्रगड, चढायला अवघड नाही. दमादमाने तासाभराची वाट. पहिला दरवाजा गणेशपट्टीचा. दुसऱ्याच्या आत पाण्याचे खोदीव टाके. तिसरा दरवाजा सर्वांत देखणा. त्यावर हत्तींची मुखे कोरलेली आहेत आणि दोन शिलालेख आहेत : एक फारसी, एक मराठी. विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या वेळी गडाची दुरुस्ती झाली, ती या लेखांत नोंदलेली. पुतण्याने त्या अक्षरांवरून हात फिरविला. मी म्हणालो, "हे बघ, इथे नाव आहे. पण ते इथे कधी राहिलेल्या माणसाचं नाही. बादशहा तिकडे विजापुरात. गड त्याचा, आणि गडाखालचा मुलूख देशमुखांचा."

ही देशमुखी काय होती, हे थोडे सांगायला हवे. त्यावाचून मावळचा इतिहास उलगडत नाही. सह्याद्रीच्या एकेका नदीखोऱ्याला मावळ म्हणत, आणि प्रत्येक मावळात एकेक देशमुख घराणे. खोऱ्यातल्या गावांचा वसूल गोळा करावा, आपला हक्काचा वाटा ठेवून उरलेला सरकारात भरावा, आणि बादशहा बदलला तरी आपले वतन तसेच चालू ठेवावे, अशी ती पिढीजात वहिवाट. घराला बुरूज, पदरी पाचपन्नास हत्यारबंद माणसे, आणि शेजारच्या देशमुखाशी हद्दीवरून वैर. इटलीत राजाची सत्ता ढिली झाली तेव्हा, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकापासून, जागोजाग सरदारांनी किल्ले बांधले आणि गावेच्या गावे त्यांच्या तटाच्या आसऱ्याला गेली. आमचे देशमुख त्या सरदारांचे लहान भाऊच म्हणायचे. फरक एवढाच, की मोठे डोंगरी गड त्यांच्या मालकीचे फारसे नव्हते. पण माज तोच.

रोहिड खोऱ्याची देशमुखी दोन घरांत वाटलेली : कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. पलीकडच्या हिरडस मावळात बांदल. या तीन घरांची आपसांत काय धुसफूस चालत असेल ती सांगायला नको. रोहिड्याच्या तटावर उभे राहिले की हा सारा मुलूख दिसतो. पुरंदर, सिंहगड, रायरेश्वर, केंजळगड, आणि वायव्येला राजगड-तोरणा. वर रोहिडमल्लाचे, म्हणजे भैरोबाचे, देऊळ आहे. तिथे सावलीत बसून आम्ही हिने बांधून दिलेले फराळाचे डबे सोडले. दादांच्या डब्यात अनारसे होते. त्यांनी डबा पोरापुढे केला, पोराने माझ्यापुढे. असा वळसा घालून अनारसा माझ्या हाती आला.

तिथेच मी गोष्ट सांगू लागलो.

बांदल हे सुरुवातीला महाराजांच्या विरुद्ध होते. त्यांच्याशी लढाई झाली, आणि मग त्यांचे कारभारी बाजीप्रभू देशपांडे स्वराज्यात आले ते कायमचे. जेध्यांकडे कान्होजी हे कर्ते पुरुष. १६५९ साली अफझलखान निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्माने आली : खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. वतनावर पाणी सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. त्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले. दोघांचे खोरे एक, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार एक. एकाने सोडले नि एकाने धरले. प्रतापगडानंतर खोपडे जिवाच्या भयाने लपत फिरले, आणि शेवटी रदबदली करायला कोणाकडे गेले? कान्होजींकडेच! महाराजांनी जीव वाचविला, पण एक हात आणि एक पाय तोडला. कान्होजींच्या शब्दाचा मान राखला, आणि फितुरीची शिक्षाही केली.

"आणि बांदल?" पुतण्याने विचारले.

"बांदलांचं पुढच्याच वर्षी. १६६० चा जुलै. पन्हाळ्याहून महाराज विशाळगडाकडे निघाले, मागे सिद्दीची फौज. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं उभी राहिली. ती खिंड पावन झाली. नंतर दरबार भरला. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा. महाराजांनी तो बांदलांना द्यायचं ठरवलं. आणि जेध्यांनी तो मान सोडला. मावळात ही हकीकत अजून घरोघर सांगतात."

दादा इतका वेळ तटाकडे तोंड करून बसले होते. ते तसेच, माझ्याकडे न पाहता, पोराला म्हणाले, "विचार तुझ्या काकांना. पहिलं पान मिळालं बांदलांना, पण मोठा कोण? घेणारा, का सोडणारा?"

"सोडणारा," मी म्हणालो.

"मग आपल्यात जेधे कोण, तेही विचार."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीन वर्षे मी वर्गात ही गोष्ट सांगत होतो, आणि घरी येऊन पहिल्या पाळीसाठी भांडत होतो. अनाराशाचा उरलेला तुकडा मी तोंडात टाकला आणि खाली उतरायला लागलो.

दुपारी भोरहून परत कापूरहोळ आणि तिथून नसरापूर. वाटेत बनेश्वरला थांबलो. गर्द झाडीतले हे शंकराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या वेळचे, १७४९ सालचे. इथल्या मोठ्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिकडल्या चर्चमधून आलेली ही घंटा. पुतण्याला मोठे नवल वाटले. अशाच घंटांचा नाद ऐकत तो आओस्ताच्या दरीत हिंडला होता. संध्याकाळी मार्गासनीवरून राजगडाच्या पायथ्याला पाली गावाकडे गेलो. रात्री एका घरी पिठले-भाकरी नि इंद्रायणीचा भात जेवलो. ओसरीवर तिघांची अंथरुणे एका ओळीत. मध्ये पोरगा, अलीकडे मी, पलीकडे दादा. म्हणजे इथेही एक गडगा होताच, पण तो घोरत होता.

पहाटे पालीच्या वाटेने वर चढलो. ही पूर्वीची राजवाट, रुंद पायऱ्यांची. पाली दरवाजातून आत गेलो की पद्मावती माची. तळे, पद्मावतीचे देऊळ, रामेश्वर, दारूकोठार, आणि महाराणी सईबाईंची समाधी. १६५९ च्या सप्टेंबरात सईबाई गेल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. पुढे दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, महाराज प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटले. घरात दुःख ताजे असताना माणूस तेवढ्या धीराने उभा राहिला, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपते. समाधीपुढे उभे राहिले की ती ओळ फार लांबते.

रायगड ही राजधानी होण्यापूर्वी सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार या राजगडावरून चालला. १६६६ साली आग्ऱ्याहून सुटून महाराज इथेच आले. १६७० च्या फेब्रुवारीत राजाराम महाराजांचा जन्म इथेच झाला. एवढ्या मोठ्या राजाची एवढी वर्षे राजधानी, आणि पुतण्या शोधीत होता तसे घराण्याचे चिन्ह कुठे? बालेकिल्ल्याच्या महादरवाजातून आत गेलो, चंद्रतळे पाहिले, जोती पाहिली. छपरे नाहीत, भिंती नाहीत. लाकूड-कौलांच्या इमारती. माणसे उठून गेली आणि सह्याद्रीच्या पावसाने त्या खाऊन टाकल्या. दगडांचा तट मात्र तसाच.

"आता ऐक," मी म्हणालो. "काल तू विचारलंस, इथं घराणं का दिसत नाही. कारण तसं दिसू नये अशीच व्यवस्था होती."

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तीत दोन गोष्टी आहेत. एक अशी की महाराजांनी देशमुखांचे बुरूज-कोट पाडले आणि त्यांनी इतर रयतेसारखी साधी घरे बांधून राहावे असे ठरवून दिले. म्हणजे मुलखात कोणाचा खासगी किल्ला उरू दिला नाही. दुसरी गोष्ट गडांच्या बंदोबस्ताची. एका गडावर एक धनी नव्हता. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन बरोबरीचे अधिकारी, आणि जोडीला कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडे, पहाऱ्याची फौज सरनोबताकडे, हजेरी नि हिशेब सबनिसाकडे, दाणागोटा-दारूगोळा कारखानिसाकडे. आणि ही माणसे मुद्दाम वेगवेगळ्या जातींची नेमलेली. एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हवाली होता कामा नये. घेऱ्यात राखणीला रामोशी नि इतर जमाती. सगळे मिळून गड राखणार, आणि गड एकाही घराचा नाही.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे शालां घराण्याचे किल्ले हे त्यांचं वतन होतं. आणि इथं गडाला वतन होऊ दिलं नाही."

मला जे दोन दिवस नीट मांडता येत नव्हते, ते त्या पोराने एका वाक्यात मांडले.

पुढे संजीवनी माचीवर गेलो. अडीचेक किलोमीटर लांब ही माची, तीन टप्प्यांनी पश्चिमेला उतरत गेलेली. तिची दुहेरी तटबंदी पाहून पुतण्या अगदी मुका झाला. बाहेरची भिंत पडली तर शत्रू दोन भिंतींमधल्या नाळेत सापडावा, अशी रचना. फेनिसला दुहेरी तट आहे. पण तो माणसांनी बांधलेल्या जागेभोवती. इथे डोंगराची सोंडच दुहेरी तटाने गुंफलेली. माचीच्या टोकाशी बसलो. समोर खिंडीपलीकडे तोरणा. त्याची बुधला माची आभाळात सुळक्यासारखी वर आलेली.

तोरणा हा १४०३ मीटर उंचीचा प्रचंडगड. १६४६-४७ च्या सुमारास महाराजांनी तो घेतला. गडाच्या डागडुजीत पुरलेले धन सापडले, आणि त्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असे बखरी सांगतात. पोरसवदा वयात हंडे सापडले म्हणजे मनुष्य काय करील? वाडा बांधील. इथे सापडलेल्या धनाचा गड झाला. ती गोष्ट मी वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल, पण समोर एक डोंगर, पायाखाली दुसरा, असे बसल्यावर तिचे वजन कळले.

दादांनी इथे पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहून प्रश्न केला. "गुरुजी, तुझी व्यवस्था चांगली. पण मग पुढं गड गेले कसे?"

प्रश्न बिनतोड होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. त्यांत काल पाहिलेला रोहिडा होता, तो १६७० च्या जूनमध्ये परत घेतला. राजगड-तोरणा त्या वेळी वाचले. पण महाराजांच्या मागे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि एकेका गडाला वेढा घालू लागला. काही गड त्याने लढून घेतले, पुष्कळसे किल्लेदारांना पैसे मोजून. १७०४ साली राजगड नि मागोमाग तोरणा त्याच्या हाती गेले. तोरण्यावर मात्र त्याला दोर लावून रात्री माणसे चढवावी लागली. १७०७ साली तो वारला आणि गड परत आले. पुढे हे गड भोरच्या पंतसचिवांकडे गेले, आणि १९४८ साली भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडे राहिले.

"म्हणजे शेवटी गडाचं वतन झालंच की," दादा म्हणाले.

"झालं, दादा," मी कबूल केले. "तीन अधिकारी नेमले म्हणून गड राखला जात नाही. तिघांनाही तो आपला वाटावा लागतो, आणि एकट्याचा वाटून चालत नाही. हे दोन्ही एकदम वाटणं फार अवघड. महाराज होते तोवर ते वाटत होतं. ते गेल्यावर मनातलं वतन पुन्हा वर आलं."

बोलता बोलता मी त्यांना तीन वर्षांनी 'दादा' म्हटले होते, हे माझ्या मागून लक्षात आले. त्यांच्या आधीच आले असावे. त्यांनी काही न बोलता पाण्याची बाटली माझ्याकडे सरकविली. या खेपेस मध्ये पोरगा नव्हता.

उतरताना पाहिले, तटाच्या दगडावर कोणी कोयत्याने आपले नाव कोरले होते, खाली एका मुलीचे. तळ्याकाठी खाऊच्या पुड्यांचे कागद. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतली जिंजी. राजगड त्यांत आहे. आता गड साऱ्या जगाचा झाला, ही अभिमानाची गोष्ट. पण साऱ्या जगाचा म्हणजे कोणाचाच नाही, असे समजणारा मनुष्य दगडावर नाव कोरतो. तोही एका अर्थाने वतनदारच. सर्वांच्या वस्तूवर आपली निशाणी ठोकणारा. पुतण्या नि मी कागद गोळा करीत उतरलो. दादा पुढे होते. पायथ्याला आलो तेव्हा त्यांच्या उपरण्याच्या गाठोड्यातही कागदच होते.

घरी पोहोचायला दिवेलागण झाली. मोटारीतून उतरून आम्ही आपापल्या ओट्यांवर गेलो. गडगा होता तिथेच होता. मी कादंबरी लिहीत असतो तर या ठिकाणी दोन भाऊ गळ्यात पडले असते.

सोमवारी पहाटे दार उघडले तो चौकटीच्या खिळ्याला एक किल्ली टांगलेली. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची. तीन वर्षे ती किल्ली दादांच्या कमरेला होती, आणि तिच्यासाठी मी काय काय बोललो होतो ते आठवून मान खाली गेली. त्या आठवड्यात पहिले पाणी मी घेतले. पुढच्या पाळीला मी किल्ली दादांच्या चौकटीला टांगून आलो. तेव्हापासून ती अशी इकडून तिकडे फिरते आहे. कोणी मागत नाही, कोणी धरून ठेवीत नाही.

पाडव्याच्या दिवशीच्या झेंड्याचे काय झाले, तेही सांगायला हवे. आम्ही गडावर गेलो होतो तेवढ्यात पोरांनी आपला तंटा आपणच मिटविला होता. झेंडा एकच, आणि पहारा आलटून पालटून. किल्ल्याच्या पायथ्याला पुठ्ठ्याची पाटी लावली होती, तिच्यावर खडूने लिहिले होते : 'किल्ला स्वराज्याचा आहे. हात लावू नये.'

यंदाची दिवाळी आली आहे. पोरे पुन्हा माती आणायला ओढ्यावर गेली आहेत. गडग्याचे वरचे दोन थर यंदा त्यांनी किल्ल्याला धोंडे हवेत म्हणून काढून नेले. मी पाहिले, दादांनीही पाहिले. दोघांपैकी कोणीही त्यांना अडविले नाही. तोरणा अजून चढायचा राहिला आहे, म्हणून पुतण्याने भाऊबिजेनंतरचा शनिवार राखून ठेवला आहे. या खेपेस पुढच्या जागेवर कोणी बसायचे, एवढाच प्रश्न आहे. दादा म्हणतात, गुरुजी बसतील. मी म्हणतो, दादा.